वर्गाला जायचं की नाही, ते आई ठरवेल

पुणे

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "जगातल्या बायांना शिकवतेस, आता घरच्या बाईला दोन शब्द सांग." मी तेव्हा विषय बदलला. दोन शब्दांत सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून हे पत्र. तुम्ही ते चष्मा पुसून, घसा खाकरून आईला मोठ्याने वाचून दाखवणार हे मला माहीत आहे. तर एक विनंती. आईसाठी जे लिहिलंय ते जसंच्या तसं वाचा. लालबागच्या चाळीत अख्ख्या मजल्याची गावाकडून आलेली पत्रं तुम्ही वाचून दाखवायचात आणि त्यातली वाईट बातमी हळूच गाळायचात. म्हैस मेली असली तर "जनावरं बरी आहेत" म्हणायचात. हे मी लहान असूनही बघितलेलं आहे. इथे म्हैस मेलेली नाही, तेव्हा काही गाळू नका.

आई, आता तुझ्याशी बोलते.

शाळेतले गुरुजी घरी आले, ओसरीवर चहा प्यायले, साक्षरता वर्गाच्या नोंदणीचा कागद काढून म्हणाले, "घरात निरक्षर कोण?" बाबांनी तुझ्याकडे बोट केलं आणि तू उठून गोठ्यात गेलीस. बाबा म्हणतात तू रुसलीस आणि वर म्हणालीस, "आता शिकून काय मामलेदार व्हायचंय व्हय?" मला नाही वाटत तू रुसलीस असं. चारचौघांत, नवऱ्याच्या बोटाने आपण कोणत्या रकान्यात पडतो हे कळल्यावर कुणीही उठून जाईल. माझ्या वर्गातल्या बहुतेक बायांच्या मनात असा एखादा प्रसंग घट्ट बसलेला असतो. कुठे बँकेत कुणी न विचारताच शाईचा पॅड पुढे सरकवलेला असतो, कुठे मुलाच्या शाळेत प्रगतिपुस्तकावर सही मागितल्यावर मुलानेच मान खाली घातलेली असते.

गुरुजींना दोष देऊ नकोस. कागदावर तसा रकाना असतोच. केंद्र सरकारचा २०२२ ते २०२७ असा नवभारत साक्षरता कार्यक्रम आहे, त्यालाच 'उल्लास' म्हणतात आणि घरोघर फिरून नावं नोंदवायचं काम शाळांच्या गळ्यात पडलंय. पण त्यातली एक गोष्ट तुला कुणी सांगितली नसणार. या खेपेला वयाला वरची मर्यादा नाही. १५ वर्षांच्या पुढचं कुणीही चालतं.

हे वाचल्यावर मी एके रात्री तुझं वय आणि सरकारच्या योजना शेजारी शेजारी मांडून बघितल्या. १९५९ मध्ये आपल्या सातारा जिल्ह्यातच ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. रात्री कंदिलाच्या उजेडात मोठी माणसं अक्षरं गिरवायची आणि गाव शिकून झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. आजी त्यातच सही करायला शिकली. तू तेव्हा सात वर्षांची. मोहीम मोठ्यांची, म्हणजे तुझी नाही. तुझ्यासाठी शाळा होती, पण शाळेच्या वेळेला मामा तुझ्या कडेवर असायचा. आणि आजी रात्री वर्गाला जायची तेव्हाही तो तुझ्याच कडेवर असायचा. हे तूच मला भाकरी थापता थापता सांगितलंस, तेही आजीचं कौतुक म्हणून.

मग २ ऑक्टोबर १९७८ ला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आला. १५ ते ३५ वयाच्या दहा कोटी लोकांना पाच वर्षांत शिकवायचं ठरलं होतं. तू सव्वीस वर्षांची होतीस, वय अगदी बसत होतं. पण वर्ग भरायच्या वेळेला लालबागला तुझ्या खानावळीत गिरणीतली दिवसपाळीची माणसं जेवून उठत असायची आणि रातपाळीची हात धुऊन बसत असायची. ५ मे १९८८ ला राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झालं, पुन्हा १५ ते ३५. ते आपल्या भागात पोचेपर्यंत तू चाळिशीला टेकलेलीस. गंमत अशी की तेव्हा कराडच्या कॉलेजातून आमची पोरंपोरी गावोगाव शिकवायला जायची, त्यात मी होते. आपल्या वाडीतली यादी करताना शेजारच्या काकी बसल्या, धाकटी आत्या बसली, तुझं वय बसलं नाही. तू आम्हा पोरांना पिठलं-भाकरी करून घालायचीस आणि कंदिलाची काच पुसून द्यायचीस.

म्हणजे एकदा तू लहान होतीस, एकदा कामात होतीस आणि एकदा म्हातारी ठरलीस. त्यामुळे "मी शिकले नाही" असं जेव्हा तू म्हणतेस ना, तेव्हा मला त्या वाक्यातलं 'मी' खटकतं.

आता बाबा, तुम्ही नोंदणीच्या कागदावर बोट दाखवलंत त्या बाईबद्दल. खानावळीची भिंत आठवते का? चुलीच्या बाजूची, कोळशाच्या रेघांनी भरलेली. प्रत्येक माणसाची जागा ठरलेली. एका वेळच्या जेवणाला एक उभी रेघ, खाडा झाला तर आडवी, उचल दिली तर गोल, रविवारचं मटण जास्तीचं घेतलं तर ठिपका. कोण पाटणचा, कोण आजऱ्याचा, कुणाचा पगार कुठल्या तारखेला, हे सगळं तिच्या डोक्यात. तुम्ही वहीत हिशेब ठेवायचात, आणि वही-भिंतीचं जमलं नाही की दोघं तावातावाने भांडायचात. पुन्हा मोजल्यावर कोण बरोबर निघायचं ते मी इथे लिहीत नाही, तुम्हालाच मोठ्याने वाचायचंय.

प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. खानावळवाल्या बायांनी गट करून एकमेकींना जामीन राहायचं आणि बँकेकडून कर्ज घ्यायचं, म्हणजे सावकाराचं व्याज सुटायचं. आईने अंगठा दिला आणि हप्ते फेडले. मग १८ जानेवारी १९८२ पासूनचा संप. अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार घरी बसले, आणि खानावळीतली पोरं जेवायची थांबली नाहीत. पगारच नाही तर पैसे कुठून देणार? रेघा वाढत गेल्या, भिंत पुरेना. पोरं एकेक करून गावाला परतली तेव्हा आईने एका दुपारी चुना कालवला आणि भिंत पांढरी करून टाकली. मी दहा वर्षांची होते. मला वाटलं, दिवाळी जवळ आली. ती सगळी उधारी होती हे मला फार नंतर कळलं.

'उल्लास'ची शेवटची चाचणी १५० गुणांची असते. वाचन ५०, लेखन ५०, संख्याज्ञान ५०, आणि प्रत्येकात ३३ टक्के पडले की पुरे. त्यातल्या संख्याज्ञानाच्या पेपरची मला आईबद्दल काळजी नाही. पेपर तपासणाऱ्याची थोडी आहे.

बाबा, तुमच्याबद्दलही लिहायला हवं, नाहीतर म्हणाल पोरगी आईचीच बाजू घेते. तुम्ही गिरणीतल्या साचेखात्यातून सुटून तसेच रात्रशाळेत जायचात. महापालिकेच्या शाळेतली लहान मुलांची बाकं, गुडघे पोटाशी घेऊन बसायचं, अंगाला सूत चिकटलेलं. १९७४ ची जुनी अकरावी, गणितात राहिलात, ऑक्टोबरला सुटलात. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये पुण्यात कामकरी लोकांसाठी रात्रीची शाळा काढली होती, आमच्या संस्थेत नवीन कार्यकर्त्यांना पहिल्या दिवशी हे सांगतात. ऐकताना मला नेहमी तुमची ती बाकं दिसतात. म्हणून वर्ग कुठे भरवायचा हे ठरवताना मी पहिल्यांदा बसायला काय आहे ते बघते. मोठ्या माणसाला लहान मुलाच्या जागी बसवलं की निम्मा जीव तिथेच जातो.

माझ्या कामाबद्दल तुम्ही लोकांना "बेबी पुण्यात शिकवते आणि समजूत घालते" असं सांगता. त्यातलं शिकवणं खरं आहे. संस्थेत लागले तेव्हापासून वस्तीतला वर्ग दुपारी दोन ते चार. कारण सकाळची धुणीभांडी उरकून संध्याकाळच्या स्वयंपाकांना निघेपर्यंत बायांना तेवढाच वेळ असतो. त्यातही नळाला पाणी आलं की वर्ग सुटला. मी पाटीवर 'अ' काढून सुरुवात करत नाही. आधी विचारते, काय वाचता आलं तर बरं होईल? कुणाला बसची पाटी हवी असते, कुणाला औषधाच्या पाकिटावरची तारीख. आता बऱ्याच जणींना मोबाइलवर कोणाचा फोन आलाय ते नाव हवं असतं, आणि पैसे आल्याचा मेसेज खरा की खोटा ते. एकदा मी म्हटलं, घरातल्या माणसांची नावं लिहू. सगळ्यांची झाली आणि नवऱ्याच्या नावाला वर्ग अडला. उखाण्याशिवाय कधी तोंडातून काढलेलं नाही, ते हाताने लिहायचं कसं? एक बाई म्हणाली, "लिहिलं तर चालतंय की, बोलायचं नाही फक्त." मग काय हशा! त्या दिवशी जोडाक्षरं एका दमात शिकून झाली, कारण अर्ध्या नवऱ्यांची नावं कृष्णा नाहीतर लक्ष्मण.

समजूत घालण्याचं मात्र खरं नाही, आणि त्यातच तुमच्या विनंतीचं उत्तर आहे.

त्याचं असं झालं की वर्ग सुटल्यावर रोज कुणीतरी मागे रेंगाळायची. पाटी पुसत बसायची. मग हळूहळू बोलायला लागायची, आणि त्या बोलण्यापुढे माझं शहाणपण अपुरं पडायला लागलं. तेव्हा मी नोकरी सांभाळून समुपदेशनाचा डिप्लोमा केला. अल्बर्ट एलिस नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमाराला मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडक्यांनी आपल्याकडे मराठीत रुजवली, ती मला पटली. बाबा, तुम्हाला आवडेल अशी आहे. घडलेली गोष्ट आणि झालेलं दुःख यांच्या मधे आपलं आपणच काढलेलं एक फर्मान असतं, 'असं व्हायलाच नको होतं', 'लोक काय म्हणतील ते मला सहन होणारच नाही', अशा थाटाचं. ते फर्मान समोरच्याला स्वतःला दिसावं, तपासावंसं वाटावं, एवढ्यासाठी मी प्रश्न विचारत बसते. सल्ला देत नाही. नवरा सोड किंवा सोडू नको, हे मी आजवर एकीलाही सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर काम लवकर उरकलं असतं, आणि पुढच्या महिन्यात तीच बाई तोच प्रश्न घेऊन परत आली असती.

आई, तुझी तक्रार असते की मी कामावरचं काहीच सांगत नाही. "कोण आलं होतं गं आज?" असं तू विचारलंस की मी भाजीचा भाव सांगते. ते लपवणं नाही. त्या खोलीत बोललेलं त्या खोलीत राहतं, एवढ्या एका खात्रीवर माणसं तोंड उघडतात. बाबा पत्रांतल्या म्हशीबद्दल शेजाऱ्यांत कधी बोलले का? नाही ना. तसंच.

आणि आपल्या माणसांचं समुपदेशन करायचं नसतं. लग्नकार्यात मला कोपऱ्यात घेऊन "जरा आमच्या पोराला समजव" म्हणणारे निदान चार जण भेटतात, त्यांना मी हेच सांगते. तिथे मी बहीण असते, मावशी असते, मागचा-पुढचा हिशेब असतो, त्यातून सरळ ऐकणं होत नाही. तेव्हा बाबा, आईला वर्गासाठी तयार करायचं काम माझ्याकडून होणार नाही. एक तर ती माझी आई. दुसरं म्हणजे मोठं माणूस आपल्या पायाने वर्गाला येतं तेव्हाच शिकतं. ओढून आणलेल्या बाया मी पाहिल्यात. हजेरी भरते, पाटी कोरी राहते.

तुम्हाला दोघांना हसू येईल, पण हे मला पुस्तकांपेक्षा पोहण्याच्या तलावात जास्त कळलं. पन्नाशीच्या तोंडावर मी पोहायला शिकले. लोकांनी विचारलंच, या वयात कशाला? कोयनाकाठच्या तालुक्यातली मी, आणि पाण्याला भ्यायची. शिकवणारा पोरगा माझ्या निम्म्या वयाचा. काठावरून ओरडायचा, "मावशी, घाबरताय कशाला, सोपं आहे!" त्याला सोपं होतं. मला नाकात पाणी जात होतं आणि शेजारच्या रांगेतली सहा वर्षांची पोर सपासप निघून जात होती. 'सोपं आहे' हे वाक्य मी त्या महिन्यात माझ्या वर्गातून कायमचं काढून टाकलं. आता सकाळच्या बायकांच्या बॅचला नेमाने जाते. वेग नाही, पण दम टिकतो, आणि त्या वेळात कुणाचं काही ऐकावं लागत नाही, हे कानांना फार बरं वाटतं.

दुसरा छंद तुला ठाऊक आहे, आई. ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी पुण्यात राहून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांच्या कामातून एक लाखाहून जास्त ओव्यांचा साठा झालाय. अगदी तुझ्यासारख्या बायांकडून, गावोगाव जाऊन, गाणारणीच्या नावासकट. मी रात्री त्या ऐकत बसते. बहीण-भावाच्या, सीतेच्या, सासुरवासाच्या. कुठे कुठे तुझीच चाल लागते आणि मधल्या दोन शब्दांत फरक असतो. गेल्या दोन उन्हाळ्यांत तू म्हटलेल्या मी मोबाइलवर घेतल्या होत्या, त्या आता एका वहीत उतरवून काढल्यात. ठळक, मोठ्या अक्षरात, एका पानावर एकच. वही पत्राबरोबर पाठवते आहे. तुझ्या ओव्या तुझ्या घरात असाव्यात म्हणून. वर्गाशी तिचा काही संबंध नाही. (बाबा, हसू नका. बरं, थोडा आहे. पाठ असलेलं पानावर बघितलं की अक्षरं लवकर ओळखीची होतात, हे कुठलीही शिक्षिका सांगेल. पण वही उघडायची की फडताळात ठेवायची ते आईचं ती बघेल.)

बाबा, एक गोष्ट निक्षून. आई वर्गाला गेली तरी आणि नाही गेली तरी, तुम्ही तिला शिकवायला बसायचं नाही. माझ्या अनुभवात नवऱ्याइतका वाईट मास्तर दुसरा नाही. 'एवढंही येत नाही?' हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी तिसऱ्या दिवशी येतं. तुम्ही त्या वेळात भजनी मंडळाकडे जा. आणि जाण्याआधी एक काम करा, आईला कराडला नेऊन डोळे तपासून आणा. वयस्कर बायांना "डोक्यात शिरत नाही" असं वाटतं, त्यांतल्या कितीतरी जणींना मुळात जवळचं दिसतच नसतं. सुईत दोरा ती हल्ली नातीकडून ओवून घेते, हे मी मे महिन्यात पाहिलंय. वर्ग असो नसो, चष्मा हवाच. मोतीबिंदू निघाला तर घाबरायचं कारण नाही, मी रजा टाकून येईन.

गुरुजी परत येतील तेव्हा उत्तर तुम्ही द्यायचं नाही. आई देईल. हो म्हणाली तर हो, नाही म्हणाली तर त्यांना चहा द्या आणि विषय सोडा. नाही म्हणाली म्हणून माझं मन खट्टू होणार नाही, हे आई, मी तुला लिहून देते.

दिवाळीला वसुबारसेच्या आदल्या रात्री पोचते. लाडू कमी करा, बाबांची साखर वाढलीय हे मला डॉक्टरांच्या कागदावरून कळलंय, तुमच्याकडून नाही. चकलीची भाजणी मी इथून आणते, दळत बसू नका.

तुमची,
बेबी

ता. क. बाबा, काकी गेल्यापासून वरच्या आळीतल्या तात्यांना झोप नाही असं तुम्ही म्हणालात. त्यांना १४४१६ हा नंबर द्या. टेली-मानस म्हणतात. सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीही चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. पहिला फोन तुम्ही लावून द्या, मग मात्र बाहेर अंगणात जाऊन बसा. लावलात की मला कळवा.